पहिल्या वर्षी दोनच डबे: एका नवशिक्याच्या पावडरनिवडीचं प्रकरण

हे प्रकरण एका तरुण नेमबाजाचं आहे. त्याच्याकडे परवान्यावरची तीन हत्यारं आहेत: ९ मिमीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आणि .३०८ विंचेस्टरची बोल्ट-ॲक्शन रायफल. रिव्हॉल्व्हर मॅग्नमचं असलं तरी त्यातून तो बहुतेक वेळा .३८ स्पेशलच (त्यात बसणारं, कमी ताकदीचं काडतूस) झाडतो. कायद्याने त्याला काडतुसं स्वतः भरायची मुभा आहे, म्हणजे रिकाम्या केसमध्ये (काडतुसाच्या कवचात) नवा प्रायमर (पेट देणारी टिकली), पावडर (जळून गोळी ढकलणारी दारू) आणि गोळी बसवायची. सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच पायरी करणारं), दांडीचा वजनकाटा, कॅलिपर, पावडर मेजर (ठरलेली मात्रा टाकणारं यंत्र), डायचे संच, लोडिंग ब्लॉक असं सगळं सामान त्याने विचारपूर्वक जमवलं होतं. राहिली होती फक्त पावडर, आणि तिथेच तो अडला.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात सात नावांची यादी होती: टाइटग्रुप, एचपी-३८, विंचेस्टर २३१, युनिक, एच११०, व्हार्गेट आणि एच४८९५. रेंजवर ज्याला विचारलं त्याने आपापली आवडती पावडर सांगितली आणि याने ती लिहून घेतली. "दादा, सातही घेऊ का? का यातली एकच अशी आहे जी सगळ्यात चालेल?"

सगळ्यात चालेल अशी पावडर नसते, हे त्याला पहिल्यांदा सांगितलं. पण सात डबेही नकोत. नव्या माणसाच्या कपाटात सात डबे म्हणजे सात वेगवेगळे लोड डेटा (कुठल्या काडतुसात किती पावडर, याचे छापील आकडे), सात वेगवेगळी घनता आणि टेबलावर चुकीचा डबा उघडला जाण्याच्या कितीतरी जास्त संधी. पहिल्या वर्षी दोन डबे, एक हॅंडगनसाठी आणि एक रायफलसाठी. ते दोन कोणते, हे ठरवायला आम्हाला बराच वेळ लागला आणि तो वेळ लागायलाच हवा होता. पुढे जे लिहितो आहे ते त्या निवडीमागचं कारण आहे. मापं मी इथे देणार नाही. ती पावडर बनवणाऱ्याच्या किंवा बुलेट बनवणाऱ्याच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायची. माझ्या लेखातून नाही, रेंजवरच्या शेजाऱ्याकडून तर नाहीच.

यादीतलं एक नाव पहिल्या मिनिटातच गळलं. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर आहे, दोन नावांनी विकली जाते. हॉजडन या अमेरिकी पावडर कंपनीच्या लोड डेटात दोन्हींसमोर सारखेच आकडे दिसतात. एच११० आणि विंचेस्टर २९६ यांचंही तसंच. हे कळल्यावर त्याचा उत्साह वाढला आणि त्याने लगेच विचारलं, "मग एच४८९५ आणि आयएमआर ४८९५ पण एकच ना?" नाहीत. अंक तोच, पावडर वेगळी, डेटा वेगळा. हा सापळा जुना आहे. ४८९५ हा क्रमांक दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी .३०-०६ काडतुसांतल्या पावडरचा. युद्धानंतर ब्रूस हॉजडनने सरकारकडचा उरलेला साठा विकत घेऊन स्वतः काडतुसं भरणाऱ्या रीलोडरांना विकला आणि त्यातूनच त्याचा धंदा उभा राहिला. पुढे हॉजडनने त्याच नावाची स्वतःची पावडर आणली. आज ती ऑस्ट्रेलियात तयार होते. आयएमआर या दुसऱ्या ब्रँडची ४८९५ तिच्या वाटेने वेगळी चालत राहिली. दोघींचं मूळ एक असलं तरी एकीची मापं दुसरीला लावायची नाहीत. म्हणून मी त्याला एक सवय लावली: पावडरचं नाव नेहमी पूर्ण बोलायचं आणि पूर्ण लिहायचं. वहीत नुसतं '४८९५' लिहिलेलं मला चालत नाही.

मग त्याने बर्न रेटचा, म्हणजे पावडर किती वेगाने जळते याचा, तक्ता काढला. सगळ्यात जलद पावडर वर, सगळ्यात संथ खाली, अशी ती उतरंड असते. नव्या माणसाला तो तक्ता फार आवडतो, कारण त्यात सगळ्याचं उत्तर असल्यासारखं वाटतं. तत्त्व सोपं आहे. काटक्या भर्रकन पेटून विझतात, ओंडका सावकाश जळत राहतो. पिस्तुलाची नळी आखूड, केस लहान, गोळी चटकन निघून जाते, तेव्हा जलद पावडर लागते. रायफलच्या केसमध्ये पावडर दसपट भरते, गोळीला लांब नळीतून ढकलत न्यायचं असतं, तिथे जलद पावडरने दाब क्षणात आवाक्याबाहेर जाईल, म्हणून संथ पावडर. एवढ्यापुरता तक्ता उपयोगी आहे. पण तो फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. शेजारच्या दोन ओळींतल्या पावडरींत किंचित फरक असेल किंवा बराच असेल, ते तक्त्यावरून कळत नाही. शिवाय कॅलिबर बदललं, दाब बदलला की क्रमही थोडा इकडेतिकडे होतो. 'ही मिळाली नाही तर तक्त्यातली तिच्या खालची घेऊ आणि मापं तीच ठेवू' असा विचार त्याच्या मनात होता. तो मी तिथल्या तिथे मोडून काढला. ज्या पावडरचा, ज्या बुलेटच्या वजनाचा आणि ज्या काडतुसाचा छापील डेटा समोर नाही, ते काडतूस भरायचंच नाही.

दुसरं नाव गळलं ते एच११०. ही उत्तम पावडर आहे. .३५७ मॅग्नममध्ये पूर्ण ताकदीचं काडतूस भरायचं तर तिच्यासारखी थोडीच. पण तिचा स्वभाव नवशिक्याच्या स्वभावाच्या नेमका उलट आहे. नवा माणूस भीतीपोटी माप कमी करतो, आणि बहुतेक पावडरींत ते शहाणपणाचंच असतं. एच११० मात्र मॅन्युअलमधल्या मापाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त खाली न्यायची नाही अशी हॉजडनची स्पष्ट सूचना आहे. ती केसमध्ये दाटीने भरलेली असायला हवी, शिवाय जोरदार प्रायमर हवा आणि घट्ट क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं) हवी, तरच ती नीट पेटते. माप फार कमी केलं तर पेट अर्धवट राहून गोळी नळीतच अडकू शकते, म्हणजे स्क्विब. आवाज किरकोळ येतो, नेमबाजाला वाटतं काडतूस फुसकं निघालं, तो पुढचा चाप ओढतो, आणि पुढची गोळी नळीत अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते. त्याला मी विचारलं, "पुढच्या सहा महिन्यांत पूर्ण ताकदीचं मॅग्नम किती झाडणार आहेस?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, जवळजवळ नाहीच. मग एच११० आत्ता नको.

इथे आमच्या संभाषणाला वळण मिळालं. त्याच्या यादीत प्रत्येक पावडरपुढे 'वेग' असा रकाना होता. मी त्याला नवा रकाना करायला लावला: चूक झाली तर ती कशी दिसेल? माझ्या मते नव्या माणसासाठी बहुउपयोगी पावडरची खरी कसोटी हीच. ती किती काडतुसांत चालते ही गोष्ट नंतरची. आधी हे बघायचं की हात चुकला तर ती चूक काडतूस बंद होण्याआधी डोळ्याला दिसते का, आणि जी चूक डोळ्याला दिसत नाही ती मुळात किती छोटी राहते.

हॅंडगनसाठी आता तीन उरल्या होत्या: टाइटग्रुप, एचपी-३८ आणि युनिक. तिन्हींचा डेटा ९ मिमी, .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम अशा तिन्ही काडतुसांत मिळतो. म्हणजे 'किती ठिकाणी चालते' या कसोटीवर तिघी बरोबरीत. फरक पडतो तो केसच्या आत.

.३८ स्पेशल हे १८९८ च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या मापाने आखलेलं काडतूस. काळी दारू जास्त जागा घेते, म्हणून केस लांब, २९ मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. त्याच केसमध्ये आपण आज धूरविरहित पावडरचे चार-पाच ग्रेन (वजनाचं बारीक एकक, एका पाउंडात ७,०००) टाकतो. ते तळाशी पडतात आणि वर मोकळी जागा राहते. कमाल दाबाची मर्यादा फक्त १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड). याउलट ९ मिमीची केस १९ मिलिमीटरची, जागा अपुरी, आणि मर्यादा ३५,००० पीएसआय. एकाच पावडरने या दोन्ही टोकांना नीट वागायचं असतं.

जुना, वापरून झालेला प्रायमर तसाच असलेल्या केसचं तोंड वर करून आम्ही तिन्ही पावडरी एकेक करून त्यात टाकून बघितल्या. वाचून जे समजत नाही ते अशा वेळी लगेच समजतं. टाइटग्रुप दाट असते आणि तिचं मापही लहान. .३८ च्या केसमध्ये ती तळाशी पातळ थर होऊन बसते. दुप्पट पडली तरी वर भरपूर जागा उरते. घाईत नजर फिरवणाऱ्याला ती सहज फसवेल. युनिक पातळ चकत्यांची, फुगीर पावडर. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरून आजवर टिकलेली. तिचं तेवढंच माप केसमध्ये बरंच वर येतं. ९ मिमीमध्ये युनिकचं नेहमीचं माप दोनदा टाकलं तर ते केसच्या तोंडातून बाहेर सांडतं. चूक लपूच शकत नाही. एचपी-३८ या दोघींच्या मध्ये. ९ मिमीमध्ये दुप्पट माप पडलं तर केस काठोकाठ भरते, गोळी बसवायला गेलं की कळतंच. .३८ मध्ये मात्र दुप्पट मापही आरामात मावतं. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी: .३८ स्पेशलमध्ये यातली कुठलीच पावडर तुमच्यासाठी राखण करत नाही. तिथे डोळाच वापरावा लागतो.

एवढ्यावरून तो म्हणाला, मग युनिकच. माझाही कल क्षणभर तिकडे झुकला. पण मग मेजरवरून मात्रा टाकून एकामागून एक तोलल्या. एचपी-३८ चे बारीक, चपटे गोल दाणे मेजरच्या पोकळीत पाण्यासारखे उतरतात. प्रत्येक मात्रा दशांश ग्रेनच्या आसपास जुळत होती. युनिकच्या चकत्या कधी सैल पडतात, कधी आडव्यातिडव्या अडकतात, आणि मात्रांमधली तफावत उघड दिसत होती. मेजरची दांडी एकसारख्या लयीत हलवली, दोनदा टकटक केलं की फरक कमी होतो, पण नव्या हाताला ती लय यायला वेळ लागतो.

म्हणजे दोन वेगळ्या चुका समोर होत्या. एक दुप्पट मात्रेची, मोठी आणि भयंकर, पण टॉर्च मारून बघितलं तर दिसणारी. दुसरी दोन-तीन दशांश ग्रेनने इकडेतिकडे होण्याची, छोटी, पण डोळ्याला अजिबात न दिसणारी. ९ मिमीसारख्या अरुंद केसमध्ये वरच्या मापाजवळ त्या दोन-तीन दशांशांनाही किंमत आहे. हा तरुण सिंगल-स्टेज प्रेसवर काम करतो. पन्नास केस लोडिंग ब्लॉकमध्ये उभ्या, सगळ्यांत पावडर टाकून झाल्यावर टॉर्चच्या उजेडात एकेक केसमध्ये बघून मगच पहिली गोळी बसवायची, ही पद्धत त्याला सहज पाळता येते. दुप्पट मात्रा तिथे पकडली जाते. मात्रेतली बारीक तफावत मात्र प्रत्येक मात्रा तोलल्याशिवाय पकडता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी मी एचपी-३८ सुचवली.

प्रेस प्रोग्रेसिव्ह असतं, दांडीच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस बाहेर पडत असतं आणि ब्लॉकवर एकत्र बघण्याची संधीच नसती, तर मी युनिकसारख्या फुगीर पावडरच्या बाजूने जास्त ठामपणे बोललो असतो. त्याच्याकडे १२ बोअरची शॉटगन असती तरी युनिकच जिंकली असती, कारण ती शॉटशेलमध्येही चालते आणि एचपी-३८ चा तिथे तसा उपयोग नाही. 'नवशिक्यासाठी अमुकच' असं जे सरसकट सांगतात त्यांनी समोरच्याचं प्रेस बघितलेलं नसतं. ते बघितल्याशिवाय पावडर सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

टाइटग्रुपवर अन्याय नको. केसमध्ये पावडर पुढे आहे की मागे, याचा तिच्या वेगावर फारसा परिणाम होत नाही, आणि .३८ सारख्या मोकळ्या केसमध्ये हा मोठाच गुण. मात्रा कमी लागते म्हणून डबाही पुरतो. पण तिच्या मापाच्या खालच्या आणि वरच्या आकड्यांत अंतर फार थोडं असतं. चुकायला जागा कमी. हात बसल्यावर घ्यावी.

रायफलचा निर्णय त्या मानाने लवकर झाला. .३०८ ची केस पुरेशी संथ पावडर घेतली की जवळजवळ भरते, दुप्पट मात्रा तिच्यात मावतच नाही. व्हार्गेट आणि एच४८९५ दोन्ही .३०८ मध्ये १५० ते १६८ ग्रेनच्या गोळ्यांसाठी मानाने वापरल्या जातात. दोन्हींवर थंडी-उन्हाचा परिणाम कमी होतो, म्हणून हिवाळ्यात बसवलेलं माप उन्हाळ्यात अचानक तापत नाही. दोन्ही .२२३ रेमिंग्टनमध्येही चालतात, आणि पुढे कधीतरी .२२३ घ्यायचा त्याचा विचार आहे. इथवर बरोबरी. एच४८९५ पुढे गेली ती एका खास गुणामुळे. हॉजडनच्या म्हणण्यानुसार, ज्या काडतुसासाठी एच४८९५ चा डेटा छापलेला आहे त्यात तिचं माप कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतं. त्यामुळे .३०८ मधून अगदी हलका धक्का देणारी सरावाची काडतुसं भरता येतात. नव्या नेमबाजाला खांदा न दुखवता चापावर लक्ष देता येतं, त्यामुळे नेम लवकर सुधारतो. पूर्ण ताकदीचं आणि निम्म्या ताकदीचं, दोन्ही एकाच डब्यातून.

ही ६० टक्क्यांची सवलत एच४८९५ ची आहे. व्हार्गेटला ती लावायची नाही, आयएमआर ४८९५ ला लावायची नाही, एच११० ला तर मुळीच नाही. त्याने वहीत हे लाल शाईने लिहून घेतलं. आणखी एक गोष्ट त्याला दाखवली: हलक्या मापात .३०८ ची केस अर्ध्यावर रिकामी राहते, म्हणजे 'दुप्पट मावणारच नाही' हा दिलासा तिथे पातळ होतो. टॉर्च रायफलच्या केसवरही मारायचा.

एका पाउंडात ७,००० ग्रेन. हॅंडगनमध्ये सरासरी ५ ग्रेन धरले तर डब्यात १,४०० काडतुसं होतात. .३०८ मध्ये ४२ ग्रेन धरले तर १६६ च्या आसपास. हा हिशेब सांगितल्यावर त्याला रायफलची पावडर जास्त लागणार हे लक्षात आलं आणि तो मोठा डबा घ्यायला निघाला. मी थांबवलं. पहिला डबा पाउंडाचाच. माप ठरल्यावर, रायफलला ते आवडतंय हे दिसल्यावर, एकाच लॉटचे मोठे डबे घ्यावेत. लॉट बदलला की तीच पावडर थोडी वेगळी जळू शकते. तेव्हा माप पुन्हा खाली आणून चढवत जायचं.

आता या निवडीतला सगळ्यात धोक्याचा भाग, ज्याबद्दल मी त्याच्याशी कडक बोललो. दोन डबे आहेत, एक जलद, एक संथ. समजा चुकून एचपी-३८ मेजरमध्ये राहिली आणि त्यावर .३०८ च्या केस भरल्या गेल्या. रायफलच्या केसमध्ये पिस्तुलाची पावडर गच्च भरली तर .३०८ ची ६२,००० पीएसआयची मर्यादा कुठल्या कुठे मागे पडेल. रायफल फुटते, आणि तिच्यामागे माणसाचा चेहरा असतो. उलटं झालं तर, एच४८९५ पिस्तुलाच्या केसमध्ये, ती धड पेटणार नाही आणि गोळी नळीत अडकेल. दोन्ही चुका पावडरच्या निवडीच्या नव्हेत, टेबलाच्या शिस्तीच्या आहेत. पण दोन डबे निवडताना त्या शिस्तीचाही विचार करायला हवा. म्हणून त्याच्यासाठी नियम हा: टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा कपाटात, कपाट बंद. मेजरच्या भांड्यावर आतल्या पावडरचं नाव लिहिलेली चिठ्ठी. बैठकीचं काम संपलं की उरलेली पावडर लगेच तिच्या मूळ डब्यात परत, आणि भांडं रिकामं करून ठोकून बघायचं. भांड्यात पावडर रात्रभर ठेवली तर दोन गोष्टी होतात: सकाळी ती कुठली होती हे आठवणीवर सोडावं लागतं, आणि नायट्रोग्लिसरीन असलेल्या पावडरी काही भांड्यांचं प्लॅस्टिक खराबही करतात. भांड्यातली पावडर कुठली याबद्दल तसूभर शंका आली तर ती कुठल्याच डब्यात परत घालायची नाही. पावडर वाया गेली तरी चालेल.

एचपी-३८ चे दाणे चपटे गोल, एच४८९५ च्या आखूड काड्या. दोघींचं रूप इतकं वेगळं असणं हेही मला या जोडीत आवडलं. रूपावरून पावडर ओळखायची नसते, पण चुकीचा डबा हातात आला तर नजरेला खटकण्याइतका फरक असलेला बरा.

साठवणुकीबद्दल थोडंच. पावडर मूळ डब्यातच, कोरड्या थंड जागी, प्रायमरपासून दूर ठेवावी. हवाबंद लोखंडी तिजोरीत ठेवू नये. आग लागली तर मोकळी पावडर नुसती जळून जाते, पण कोंडलेल्या जागेत तिचाच स्फोट होतो. झाकण उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती पावडर खराब झाली समजायची आणि वापरायची नाही.

पहिले महिने कसे गेले ते सांगतो, कारण निवड बरोबर होती की नाही हे तेव्हाच कळलं. रायफलच्या बाबतीत फारसं काही घडलंच नाही. सुरुवातीच्या मापापासून थोडं थोडं चढवत त्याने प्रत्येक मापाची थोडी काडतुसं भरली, क्रोनोग्राफवर वेग बघितला, बोल्ट उचलताना हाताला जड लागतो का, केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटतो का, प्रायमर चपटा होतोय का, या दाब जास्त झाल्याच्या खुणा टिपल्या. कमाल मापाच्या बऱ्याच खाली एक असं माप मिळालं की १६८ ग्रेनच्या गोळ्या कागदावर एकत्र बसू लागल्या. वर जायची गरजच राहिली नाही.

.३८ स्पेशलने मात्र त्याला कोड्यात टाकलं. तो आला तेव्हा तक्रार अशी होती की एचपी-३८ घाण पावडर आहे: केसच्या बाहेरून काजळी, नळीत न जळलेले दाणे, शिवाय वेगही एकसारखा नाही. बदलून टाइटग्रुप घेऊ का? मी त्याची वही बघितली. धक्का सौम्य हवा म्हणून तो सगळ्यात खालच्या मापावर राहिला होता. ही पावडरची घाण नव्हती. दाब इतका कमी होता की केसची भिंत चेंबरला घट्ट चिकटतच नव्हती, वायू मागे बाहेरून वाहत होता, म्हणून काजळी. पावडरलाही नीट जळायला दाब लागतो, तो न मिळाल्याने दाणे उरत होते. वेगातल्या चढउताराचं कारण पाहायला आम्ही एक प्रयोग केला. काही गोळ्या नळी आधी वर करून मग हळूच खाली आणून झाडल्या, म्हणजे पावडर प्रायमरजवळ राहिली. काही नळी आधी खाली करून, म्हणजे पावडर गोळीकडे गेली. क्रोनोग्राफवर दोन्हींतला फरक स्पष्ट दिसला. मोकळ्या केसमध्ये हलकं माप म्हटलं की हे होतंच. मॅन्युअलमधल्या डेटाच्या साधारण मध्यावर गेल्यावर काजळी कमी झाली, दाणे जवळजवळ गेले आणि वेग जवळ जवळ येऊ लागले. पावडर तीच राहिली.

तिथेच एक सावधगिरी सांगावी लागली. रायफलवर प्रायमर वाचायला शिकलेला माणूस तीच नजर .३८ वर वापरतो, आणि ते चूक आहे. प्रायमर चपटा व्हायला जो दाब लागतो तो .३८ स्पेशलच्या १७,००० पीएसआयच्या कितीतरी वर असतो. म्हणजे प्रायमर गोलसर आणि देखणा दिसतोय आणि काडतूस मात्र मर्यादा ओलांडून गेलंय, असं सहज होऊ शकतं. कमी दाबाच्या काडतुसात मॅन्युअलचं कमाल माप हीच एकमेव खूण. त्याचं रिव्हॉल्व्हर मॅग्नमचं असल्याने त्याला बरंच संरक्षण आहे, पण हीच काडतुसं उद्या कोणाच्या जुन्या .३८ मध्ये गेली तर ते संरक्षण नाही. म्हणून त्याच्या भरलेल्या काडतुसांच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: पावडरचं पूर्ण नाव, लॉट, माप, गोळीचं वजन, प्रायमर, काडतुसाची एकूण लांबी आणि तारीख. लांबी यासाठी की ९ मिमीमध्ये गोळी थोडी जास्त आत बसली तरी जागा आकसते आणि दाब चढतो.

९ मिमीमध्ये एचपी-३८ ने तक्रारीला जागा दिली नाही. मात्रा जुळत होत्या, स्लाइड नीट मागे जात होती, केस एकाच बाजूला पडत होत्या. सरावासाठी यापेक्षा जास्त काही नको असतं.

अलीकडे त्याने पुन्हा एच११० चा विषय काढला. रिव्हॉल्व्हरमधून पूर्ण ताकदीचं मॅग्नम झाडून बघायचं आहे म्हणतो. एचपी-३८ ने .३५७ मध्ये मध्यम ताकदीची काडतुसं होतात आणि ती त्याने भरली आहेत, पण पूर्ण मॅग्नम तिच्या आवाक्यातलं नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी हो म्हटलं, पण क्रम ठरवून दिला: आधी त्या पावडरचं छापील पान आणि हलकं माप न करण्याची सूचना त्याने वाचायची, मग प्रायमर कुठला ते बघायचं, मग क्रिंप डाय नीट बसवून रिकाम्या केसवर क्रिंपचा सराव करायचा, आणि डबा विकत घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. सध्या तो क्रिंपच्या पायरीवर आहे. गोळीच्या खाचेत केसची कड एकसारखी वळत नाही, एका बाजूला जास्त दबते, कारण त्याच्या केस एकाच लांबीच्या नाहीत. पुढच्या वेळी आम्ही त्या ट्रिम करून घेणार आहोत.